मी आलो न्हाई, चाचा

११ ऑगस्ट, सोमवार

बेटा अफिफा, लिहायला एवढा उशीर झाला, माफ कर. वही देताना तू म्हणाली होतीस, अब्बा, तिथे फोन लागत नाही, जीव घाबरा झाला की थोडं लिहीत जा, घरी आलात की मी वाचीन. मी येऊन चार दिवस झाले आणि पेनाला हात लावतोय आज. आधी चष्मा सापडेना, मग वाटलं या दमट हवेत शाई उमटेल की नाही. घरात आपण आपली बोली बोलतो, पण लिहायचं म्हटलं की मला मराठीच येतं. सातवीपर्यंत तेवढंच शिकलो. चुका दिसतील त्या लाल पेनाने गोल करू नकोस.

प्रवास छान झाला. घोडेगावला गाडी बदलली, शिनोली मागे पडली आणि डोंगर अंगावर यायला लागले. तळेघरला ठेकेदार दादाभाऊ स्वतः जीप घेऊन उभा होता. माझी पेटी त्यानेच उचलली. म्हणाला, फौजी माणूस मिळाला, आता मी निवांत झोपणार. बरं वाटलं गं. घरी मी कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघतो म्हणून तुम्ही भावंडं हसता. इथे त्याच सवयीची नोकरी आहे.

काम असं आहे. पठाराच्या टोकाला, जिथून खाली कोकण दिसतं, तिथे एक खिंड आहे. खिंडीच्या तोंडाशी मोठी पत्र्याची शेड. पूर्वी या माळावर फौजेची चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, व्हायची, तिचे तंबू, खुंट्या, निशाण्याच्या फळ्या आत बंद आहेत. लिलाव होईपर्यंत राखायच्या. दिवसा मी, रात्री खालच्या वाडीतला भिका. माझी खोली वाडीतच आहे. भिकाची बायको लंकाबाई नाचणीची भाकरी करून देते. गोळ्या वेळेवर घेतो, काळजी नको.

सारी नोकरी पहाऱ्यात गेली माझी. आमचे उस्ताद सांगायचे, पहाऱ्यावरच्या संत्रीला तीनच गोष्टी पाठ पाहिजेत. बदली, म्हणजे पुढचा पहारेकरी, समोर येऊन उभी राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. ताब्यात जे आहे ते दाखवून, तोंडाने बोलून द्यायचं, आणि घेणाऱ्याने "चार्ज लिया" म्हणायचं. आणि जो येईल त्याला आधी थांबवायचं. आपला तौहीद ओतूरचं दुकान बंद करून घरी आला की मी दाराआडून "थम, कौन आता है?" विचारतो, आणि तो एवढा बाप्या झाला तरी "दोस्त, अब्बा, दोस्त!" म्हणून हसतो, ते त्यातलंच. तू चिडतेस. पण त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय मला कडी काढवत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज फजिती झाली. सकाळी वर चढलो तर एवढं धुकं की स्वतःचे हात दिसेनात. खिंडीत इरलं पांघरून भिका उभा दिसला. मी त्याला राम राम घातला. बोलेना. जवळ जाऊन दोन शब्द सुनावले, तरी गप्प. हात लावला तर काठी! जमिनीत काठी रोवलेली आणि वर पानांचं इरलं अडकवलेलं. भिका केव्हाच घरी गेला होता.

संध्याकाळी विचारलं तर पोट धरून हसला. म्हणाला, "चाचा, काठीचा राग धरू नका, लई गुणाची हाय. तिला भूक न्हाई, झोप न्हाई, आन् तिला बदली लागत न्हाई." वाडीतली रीतच आहे म्हणे. खिंडीत राखण करणाऱ्याने काठीला इरलं घालून निघून जायचं. दुसऱ्याने तो दिसेनासा झाल्यावर यायचं आणि काठी उचलून ठेवायची. समोरासमोर पहारा द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही. मी म्हणालो, हा पहारा नाही, हा लपंडाव झाला. मधल्या वेळात कुणी शेड फोडली तर सांगायचं कुणी? तो म्हणाला, काठी सांगंल.

काठी रोवतात तिथे काळा कातळ आहे. त्यात दोन खळगे पडलेत, पावलांसारखे. पाऊस त्यात साठतो. मी गंमत म्हणून पाय ठेवून बघितला. खळगा माझ्या पायाला मोठा झाला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दादाभाऊने झेंडा पाठवला होता, पण दांडा पाठवायला विसरला. मी ती काठीच उपटली. सरळ, चिवट काठी आहे. शेडपुढे रोवली, झेंडा चढवला, एकट्याने सलामी दिली. नंतर जुम्मा असूनही नमाजीला जमात नाही म्हणून तिथेच एकट्याने दुपारची जुहर पढली. पश्चिमेला तोंड केलं की समोर कडा आणि त्याखाली ढग. डोळे भरून आले. सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवून त्याची घडी केली आणि काठी शेडमध्ये कुलपात ठेवून दिली.

भिका आला तेव्हा मी मुद्दाम जागेवर उभा होतो. म्हटलं, आजपासून काठी बंद. समोर ये, चार्ज घे. त्याचं तोंड उतरलं. तो खालच्या वळणावरच थांबला. मी हाका मारल्या, त्याने ओ दिली नाही. अंधार पडायला लागला तसा ओरडला, "मी आलो न्हाई, चाचा! तुमी जावा!"

आता हसू येतंय, पण तेव्हा फार राग आला. आलेला माणूस तोंडाने सांगतो, मी आलो नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रोज हेच. भिका नवी काठी रोवतो, मी सकाळी उपटतो. संध्याकाळी तो वळणावरून ओरडतो, "आलो न्हाई!" वाडीतली पोरंही आता मला बघून "आलो न्हाई, चाचा" म्हणून पळतात. मी दादाभाऊला सांगायचं ठरवलंय. बेशिस्त मला सहन होत नाही, छातीत धडधडतं.

लंकाबाईने भाकरी देताना समजावून सांगितलं. जुन्या काळी कुठलीशी फौज या खिंडीतून कोकणात उतरली. मागची वाट राखायला एक संत्री ठेवला आणि बदली पाठवतो म्हणाले. पाठवली नाही. विसरले. "त्यो अजून वाट बघतोय, चाचा. त्याला वाटतं, येनारा त्याच्यासाठीच आलाय. म्हनून आमी येतच न्हाई, आन् जातच न्हाई. काठी दिसली की त्यो गप ऱ्हातो." धुक्यात हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हेही त्यातलंच.

मी तिला म्हणालो, तुमचं तुमच्यापाशी. पण खरं सांगू? भूत वगैरे मी मानत नाही, त्या माणसाची दया मात्र आली. बदली लांबली की काय होतं ते मला माहीत आहे. पोटऱ्या दगड होतात. प्रत्येक आवाज तिचाच वाटतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज वरच्या मोठ्या दगडावर चढून हात उंच केला तेव्हा कुठे फोन लागला. तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. पाच तारखेला, शुक्रवारी ईद, आणि तौहीद स्वतः मला न्यायला येणार म्हणालीस. दिवस मोजतो आहे. त्याला सांग, वाट निसरडी आहे, चपला घालून येऊ नको, बूट घाल.

भिका उद्यापासून गणपतीसाठी शिनोलीला लेकीकडे चाललाय, बायकोसकट. दादाभाऊ म्हणाला, उद्या संध्याकाळी रात्रपाळीला दुसरा माणूस पाठवतो, तोही फौजेत होता. भिका जाताना माझ्या खोलीवर आला. नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, "चाचा, तुमच्या लेकरांची आन हाय. उद्या काठी रोवा, इरलं घाला आन् दिस बुडायच्या आत खाली या. येनारा येईल न्हाई तर न येईल. वाट बघू नका." मी हो म्हणालो. वाद कशाला घालायचा.

पण काठी मी रोवणार नाही. नवा माणूस फौजी आहे. तो येईल आणि त्याला काठी चार्ज देताना दिसेल! काय म्हणेल तो मला?

२८ ऑगस्ट, गुरुवार

अफिफा, काल संध्याकाळी नवा माणूस आलाच नाही. मी जागा कशी सोडणार? बसून राहिलो, शेडच्या पायरीवर कधीतरी डोळा लागला.

पहाटे जाग आली ती आवाजाने. चहूकडे पांढरं धुकं, आणि त्यातून खणखणीत, "थम! कौन आता है?"

काय सांगू, किती वर्षांनी कानावर पडलं. मी ताडकन उठलो. कातळावर एक जण सावधान उभा होता, हातात काठी. उशिरा पोचला असणार बिचारा, मला न उठवता पहाऱ्यावर उभा राहिला. मी म्हणालो, "दोस्त!" त्याने ओळख पटवायला जवळ बोलावलं. अंगावर जाड, भिजलेला कोट होता, कुठल्या पलटणीचा ते कळलं नाही. दाढी छातीपर्यंत. मग त्याने चार्ज दिला, अगदी उस्ताद शिकवायचे तसा, हात दाखवून. ही खिंड. ही वाट. हा कातळ. शेडचं नाव मात्र घेतलं नाही. सगळं सलामत आहे म्हणाला आणि काठी माझ्यापुढे धरली.

मी काठी घेतली. "चार्ज लिया" म्हणालो. मोठ्याने म्हणालो, अभिमानाने.

त्याचा हात लागला तो पावसात पडून राहिलेल्या दगडासारखा होता. तो रडत होता. मग कोट तिथेच टाकून शाळा सुटलेल्या पोरासारखा धावत सुटला, वाडीकडे नाही, कोकणाकडे. मी ओरडलो, अरे तिकडे कडा आहे! पडल्याचा आवाज आला नाही. खूप वेळ कान देऊन ऐकलं.

आता दुपार झाली. कोट बघायला गेलो, तिथे नुसतं शेवाळ आहे.

२८ ऑगस्ट, संध्याकाळ

खाली निघालो होतो. वळण उतरलो, करवंदीची जाळी ओलांडली, वाडीची कौलं दिसायला हवी होती. समोर शेड. पुन्हा निघालो. पुन्हा शेड. धुक्यात चकवा लागतो, माणूस गोल फिरतो, एवढंच असेल. काठी टाकून जाऊन बघितलं. शेडपाशी पोचलो तेव्हा काठी हातात होती.

भाकरी तशीच आहे. भूक नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

आज दादाभाऊ आणि भिका आले. भिकाला शिनोलीहून बोलावून घेतलं असावं. मला एवढा आनंद झाला की पळत त्यांच्या पुढे गेलो. ते माझ्याजवळून पुढे गेले. दादाभाऊचा खांदा माझ्या खांद्याला लागेल एवढ्या जवळून.

दादाभाऊ चिडला होता. म्हणत होता, जीप बंद पडली म्हणून नवा माणूस आलाच नाही तर म्हातारा एक दिवस कळ काढू शकला नाही? न सांगता पळाला, वर पेटीही खोलीवर टाकून गेला. मी त्याच्या तोंडासमोर उभा राहून म्हणत होतो, मी इथे आहे, मी जागा सोडली नाही. अफिफा, मी पळालो नाही. हे तू लक्षात ठेव.

भिका कातळाकडे बघत होता. दादाभाऊ शेडचं कुलूप बघायला गेला तसा त्याने नवी काठी रोवली, इरलं घातलं आणि हात जोडले. हळू म्हणाला, "चाचा, हायसा का? असला तर बोलू नका. इचारू नका मला कायबी. मी आलो न्हाई."

मग तो पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी वळणापर्यंत गेला.

१ सप्टेंबर

झोप येत नाही. तहान नाही. गोळ्या आहेत तेवढ्याच आहेत. नमाजीला उभा राहतो, पण गुडघे वाकत नाहीत. सजदा होत नाही. उभ्यानेच पढतो. कबूल होत असेल ना?

कातळाच्या खळग्यांत पाय ठेवला. बरोबर बसतो आता. काढायला त्रास पडतो.

२ सप्टेंबर

लंकाबाईही शिनोलीहून परतलीय, दुपारी भाजी खुडायला आली होती. मला बोलायचं नव्हतं. पण पाऊल वाजलं आणि माझ्या तोंडून ते निघालं. थम, कौन आता है. मी म्हणालो नाही गं, ते निघालं. ढेकर निघते तसं. तिला ऐकू गेलं. ती थांबली, पदर तोंडात धरला. ओ दिली नाही. भाजी टाकून गेली.

नंतर एक शेळी आली. तिलाही विचारलं.

आता समजलं. मी दिसत नाही, हाक मात्र जाते. आणि जो उत्तर देईल त्याला मी दिसणार. मग मी त्याला खिंड दाखवणार, वाट दाखवणार, काठी पुढे करणार. हात आपोआप जाईल. तो कोटवाला संत्री वाईट नव्हता. रडत होता. थांबवू शकला नसेल.

वाडीतलं कुणीच उत्तर देत नाही. लहान पोरंसुद्धा नाही. म्हणून तर तो इतकी वर्षं—

माझा तौहीद देतो. रोज देतो. मीच शिकवलं.

३ सप्टेंबर

दादाभाऊने तुला फोन केला असेल. अब्बा सापडत नाहीत म्हणून. मग तौहीद शुक्रवारपर्यंत थांबणार नाही. तो आजच निघेल—

अफिफा, त्याला पाठवू नको. पोलिसांत जा, दुसऱ्या कुणाला पाठव, नको, कुणालाच नको. कुणाचा तरी मुलगा असेल. मला मेलेला समजा. जनाजा नाही मिळाला तरी चालेल.

हे लिहून काय उपयोग. वही खाली ठेवली की कुणाला दिसते का तेही माहीत नाही. एक पान फाडून इरल्याला बांधलं. वाऱ्याने हललं. भिका आला, त्याने पानाकडे बघितलं असं वाटलं— त्याने इरलं नीट केलं आणि गेला. पान माझ्या हातात.

४ सप्टेंबर

सराव केला. पाऊल वाजलं की ओठ दाबायचे. माकडं आली. दाबले. तरी निघालं.

रुमाल कोंबला. तरी निघालं. आवाज तोंडातून येत नाही बहुतेक. कातळातून येतो—

पाय निघत नाहीत आता. उभाच लिहितो.

मनात एक घाण विचार आला. तो आला तर मी घरी जाईन. तुझ्या हातचा चहा. ईद. माझी खाट. हा विचार माझा नाही. माझा नाही, अफिफा. तो येताना दिसला तर मला आनंद होईल की काय या भीतीनेच—

५ सप्टेंबर. ईद

धुकं. काहीच दिसत नाही.

सकाळी भिका वळणावर येऊन ओरडून गेला. चाचा, तुमचा पोरगा वाडीत आलाय, मी सांगतो त्याला, जाऊ देत न्हाई, पर ऐकत न्हाई— पुढचं वाऱ्यात गेलं. की ते भिकाचं नव्हतंच? मला हल्ली नसलेलं ऐकू येतं. तसंच असेल. तौहीद घरी असेल. नवा कुर्ता घातला असेल.

अफिफा, एवढंच कर. तो घरी आहे असा निरोप पाठव. भिकाकडे दे, तो वळणावरून ओरडेल, मला ऐकू येतं. एक शब्द पुरे. मग मी इथे कितीही उभा राहीन, तक्रार नाही, जन्मभर उभाच होतो—

पाऊल वाजलं.

भिका अनवाणी असतो. लंकाबाईही. हे बूट आहेत. मीच सांगितलं होतं ना बूट घालून ये म्हणून—

नाही. ट्रेकिंगवाला कुणी असेल. कुणीतरी असेल. निरोप पाठव. लवकर पाठव बेटा, आत्ता, तो घरी आहे म्हणून—

वळणावर आला. खोकला. तसाच खोकतो तो—

अल्ला, याला बहिरा कर. आत्तापुरता—

थम

ऐकलं त्याने. थांबला. हसतोय गं, तो हसतोय, त्याला वाटलं मी सापड